एका वेळी एकच तक्रार

माझ्या नणंदेला मी वन्सं म्हणते. हल्ली असं कोणी म्हणत नाही, माझी मुलगी तर तोंडावर हसते. पण लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी या बाईंनी मला विचारलं होतं, "तुला कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का?" माहेर, शिक्षण, स्वयंपाक, काही नाही. थेट ॲलर्जी. तेव्हाच मी ओळखलं, की इथे गोडीगुलाबीचं काम नाही, आणि आदरार्थी बहुवचनात राहिलेलंच बरं.

वन्सं आमच्या ह्यांच्याहून सात वर्षांनी मोठ्या. सासूबाई लवकर गेल्या, धाकट्या भावाचं सगळं यांनी केलं, त्यात स्वतःचं लग्न राहून गेलं. राहिलं ते राहिलं, त्याचं रडगाणं मी कधी ऐकलं नाही. सव्विसाव्या वर्षी त्या चार गल्ल्या पलीकडच्या डॉक्टरांकडे कामाला लागल्या आणि तेहेतीस वर्षं तिथेच आहेत. डॉक्टर म्हणजे घराघरातले डॉक्टर. दोन खोल्या, बाहेर रेक्झिन फाटलेलं बाकडं, मधे स्प्रिंगचं अर्धं दार, आणि त्या दाराला लागून वन्संची खुर्ची. केसपेपर त्या आडनावाने लावत नाहीत, गल्लीप्रमाणे लावतात. त्यांचं म्हणणं, आजारी माणूस घाबरला की नाव पुटपुटतो, पण घर कुठे ते नीट सांगतो.

खुर्चीच्या मागे त्यांच्याच अक्षरातला एक पुठ्ठा होता: एका वेळी एकच तक्रार. डॉक्टर एकटे, सकाळच्या वेळात साठ माणसं. म्हातारी माणसं गुडघ्यापासून सुरू करायची आणि झोप, पोट, सून असं करत जावयापर्यंत पोचायची. वन्सं दारातच अडवायच्या, "गुडघा की झोप? एक ठरवा, मग आत जा." आणि लोक ठरवायचे! बाकड्यावर बसून आपसात सल्लामसलत चालायची, की आज कुठली तक्रार न्यावी. एकदा मी ताप आणि कान घेऊन गेले, तर मला म्हणाल्या, "कान गुरुवारी." घरची म्हणून सूट नाही. मला राग आला होता, पण गुरुवारपर्यंत कान आपोआप बरा झाला, मग काय बोलणार.

दीड वर्षापूर्वी मोठ्या हॉस्पिटलातून डॉक्टरांना पत्र आलं. रक्तदाबाची नवी गोळी सत्तरीच्या पुढच्या माणसांवर तपासायची आहे, त्यासाठी माणसं हवीत. वन्संनी आम्हाला जेवताना समजावून सांगितलं. औषधं तपासतात ती धडधाकट पन्नाशीच्या लोकांवर, आणि खातात ऐंशीचे म्हातारे. माप एकाचं घ्यायचं आणि सदरा दुसऱ्याला घालायचा, असं चाललंय. म्हातारी माणसं आपण होऊन मोठ्या हॉस्पिटलात जात नाहीत, पण रोजच्या डॉक्टरांनी सांगितलं तर ऐकतात. म्हणून यावेळी रोजच्या डॉक्टरांनाच विचारलंय.

"म्हणजे डॉक्टरांनी नावं सांगायची आणि तुम्ही गळाला लावायचं," मी म्हटलं.

"गळाला मासे लागतात, वहिनी. माणसांना समजावून सांगतात."

आणि सांगितलं त्यांनी, खोटं कशाला बोलू. अठरा पानांचा फॉर्म होता. एकेकाला आतल्या खोलीत बसवून पानन् पान वाचून दाखवलं. निवृत्त शिंपीकाका म्हणाले, "तू म्हणतेस, डॉक्टर म्हणतात, मग सही कुठे करू ते सांग." वन्संनी पेनच काढून घेतलं. "आधी ऐका. नाही म्हणालात तरी डॉक्टर तुम्हाला तपासणारच आहेत, इथलं काही बंद होणार नाही. अर्ध्या लोकांना खरी गोळी मिळेल, अर्ध्यांना नुसती दिसायला तशी. कोणाला कुठली ते डॉक्टरांनाही माहीत नसणार." शिंपीकाका म्हणाले, "डॉक्टरांना माहीत नसतं हे मला आधीपासूनच माहीत आहे." पण ऐकलं त्यांनी अठराही पानं.

तरी पहिल्या दोन आठवड्यांत तीनच माणसं तयार झाली. मग माझे सासरे म्हणाले, "माझं नाव घाल." सासरे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात जन्म गेला, रक्तदाब आहेच. वन्सं नको म्हणत होत्या. घरच्या माणसाला कशाला, लोक काय म्हणतील. डॉक्टरांनी हॉस्पिटलला विचारलं, तर ते म्हणाले, चालेल, फक्त फॉर्म मुलीने वाचून दाखवायचा नाही. तिथून एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी वाचला. सासऱ्यांनी मधे दोनदा छपाईच्या चुका काढल्या आणि सही केली.

मग बातमी बाकड्यावर पसरली. ताईंनी स्वतःच्या वडिलांना घातलंय! दीड महिन्यात वडील धरून चौदा माणसं झाली. दुसऱ्या कुठल्याच डॉक्टरांकडे इतकी झाली नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताई, तुमच्यामुळे झालं हे." त्या दिवशी वन्सं घरी आल्या त्या वेगळ्याच दिसत होत्या. इतकी वर्षं दारात बसून नंबर पुकारणारी बाई, तिच्यामुळे काहीतरी झालं होतं. मला खरंच आनंद झाला. सासऱ्यांनी तर अख्ख्या गल्लीला सांगितलं, आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांना दोनदा सांगितलं.

दर मंगळवारी वन्सं सगळ्यांना फोन करायच्या. "काही त्रास?" जो सांगेल तो लिहायचा, कितीही बारीक असो, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. वन्सं अक्षर न् अक्षर लिहायच्या. मुख्याध्यापिकाबाई, गुडघा. शिंपीकाका, पोट साफ नाही. ट्रकवाले मामा, खांदा. दर पंधरा दिवसांनी दवाखान्यात खुर्चीवर बसवून रक्तदाब मोजायचा, तोही छान यायचा. सगळं कसं सुरळीत चाललं होतं. प्रत्येकाचं एकेकच काहीतरी असायचं, हे त्यांना खटकलं नाही, मलाही नाही. आम्हाला तीच सवय.

एके दिवशी सकाळी मी सासऱ्यांचा चहा घेऊन गेले, तर ते कपाटाची मूठ धरून डोळे मिटून उभे होते.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. जरा डोळ्यापुढे अंधारी आली."

दोन दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी म्हटलं, वन्संना सांगा. तर म्हातारा माझ्यावरच चिडला. "तिला सांगू नकोस. आधी मुलगी बापाला घालते, मग बापालाच बाहेर काढते, लोक काय म्हणतील? बाकीचे पटापट गळतील." मी म्हटलं, सांगायला तर हवंच. "सांगतो, सांगतो. मी सांगेन." आणि मी गप्प बसले. वडीलधाऱ्यांचा मान म्हणून गप्प बसले असं म्हटलं असतं, पण ते खरं नाही. त्या बापलेकीच्या मधे मी आजवर जेव्हा जेव्हा बोलले, तेव्हा दोघांचीही बोलणी खाल्ली. आपलेच दात, आपलेच ओठ. म्हटलं, मरू दे, त्यांचं ते बघतील.

तीन मंगळवार गेले. वन्सं जेवणाच्या टेबलावर फॉर्म घेऊन बसायच्या आणि परक्या माणसाला विचारावं तसं विचारायच्या, "बाबा, काही त्रास?" सासरे म्हणायचे, "कानात वाजतं." वन्सं लिहायच्या, कानात वाजतं. मी तिथेच भांडी पुसत उभी असायची.

आणि एका गुरुवारी सकाळी सहाच्या सुमाराला बोळातून आवाज आला. न्हाणीघराच्या दाराबाहेर सासरे पडले होते. माझ्या आधी वन्सं पोचल्या होत्या, फरशीवर गुडघे टेकून त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "बाबा, कसे पडलात?"

सासऱ्यांचे ओठ पांढरे पडले होते. ते म्हणाले, "फरशी ओली होती. घसरलो." आणि माझ्याकडे बघितलं.

मी फरशी दहा वाजता पुसते. सव्वीस वर्षं दहाच वाजता पुसते.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. त्या धावपळीत घड्याळ कोण बघतं! आमचे हे मला म्हणाले, "पुसल्यावर जरा सांगत जा ना." भेटायला आलेल्या चुलत नणंदेने माझ्यासमोरच सुस्कारा टाकला, "घरात म्हातारं माणूस असलं की लक्ष ठेवावं लागतं हो." चोर सोडून संन्याशाला फाशी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण फरशी कोरडी होती म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, मग पडले कसे? आणि मग माझे तीन आठवडे बाहेर येणार. म्हणून मी ती फरशी मुकाट्याने अंगावर घेतली. त्यामानाने स्वस्तातच सुटले असं मला वाटलं, याची आज लाज वाटते.

वन्संनी त्याच संध्याकाळी फॉर्म भरला. मी वाकून वाचला. "घरात ओल्या फरशीवरून घसरून पडले. चक्कर नाही." त्यावरून डॉक्टरांनी सही केली. गोळीवर काही आलं नाही.

पाचव्या दिवशी जेवताना वन्सं म्हणाल्या, "मुख्याध्यापिकाबाई आल्या होत्या आज. मनगटाला प्लॅस्टर. पायपुसण्यात पाय अडकला म्हणे." मग म्हणाल्या, "शिंपीकाकांच्या कपाळावर टेंगूळ आहे. कपाटाचं दार लागलं."

"म्हातारपण," आमचे हे म्हणाले. "दुसरं काय."

वन्संनी घास खाली ठेवला. मला पुढे गप्प बसवेना. मी म्हटलं, "वन्सं, फरशी कोरडी होती. बाबांना तीन आठवडे अंधारी येत होती. मला माहीत होतं."

आमचे हे माझ्याकडे बघतच राहिले. वन्सं ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "फरशीचं मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"मी त्याच फरशीवर गुडघे टेकून बसले होते ना. माझे कपडे कोरडे होते."

"मग लिहिलंत कसं?"

"बाबा म्हणाले ते लिहिलं." मग मान हलवली. "नाही. लिहिताना हात थांबला होता माझा. वाटलं, पडण्याआधी चक्कर आली असं लिहिलं की बाकीचे तेरा घाबरून सोडून जातील, डॉक्टरांची मान खाली जाईल. बाबांनी वाट काढून दिली, मी त्या वाटेनं गेले."

"आणि पाच दिवस सगळे माझ्या नावाने शंख करतायत, ते ऐकत होतात?"

"हो," वन्सं म्हणाल्या.

एवढंच. माफी नाही, रडणं नाही. मला त्यांचा इतका राग आला, की मी उठून आत गेले. सव्वीस वर्षं ज्या बाईच्या सरळपणाची मी चारचौघांत थट्टा केली, आणि मनात जिचा मला धाक वाटायचा, ती बाईसुद्धा आपल्यासारखीच निघाली. यात बरं वाटण्यासारखं काही असेल असं मला आधी वाटायचं. नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रक्तदाबाचं यंत्र पिशवीत घातलं आणि यादी घेतली. डॉक्टरांना फोन करून म्हणाल्या, आज मी बाहेर बसणार नाही, तेरा घरी जाऊन येते. मीही चपला घातल्या. प्रेमाने नव्हे, राग होताच. पण एकट्या गेल्या तर पहिल्याच घरी कोसळतील असं वाटलं.

पहिलं घर मुख्याध्यापिकाबाईंचं. "काही त्रास?" वन्संनी विचारलं.

"काही नाही गं. हा हात तेवढा."

वन्संनी बाईंना पलंगावर आडवं केलं, पाच मिनिटं पडू दिलं, रक्तदाब मोजला. मग उभं केलं आणि लगेच पुन्हा मोजला. आकडा एवढा खाली आला होता, की वन्संनी तो मला दाखवला, मला त्यातलं कळत नसताना. बाई डुलत होत्या. मी त्यांना धरून बसवलं.

"रोज होतं असं?"

"होतं की. उठलं की घर फिरतं जरा."

"मग मंगळवारी का नाही सांगितलंत?"

"मंगळवारी गुडघ्याचं सांगितलं होतं ना," बाई समजावणीच्या सुरात म्हणाल्या. "तुझ्याकडे एका वेळी एकच असतं. हे पुढच्या खेपेला सांगणार होते. पण गुडघा काही थांबेना."

टोमणा नव्हता त्यात. चाळीस वर्षं मुलांना शिस्त लावलेली बाई, तिने स्वतः शिस्त पाळली होती, बस्स. वन्संनी यंत्राचा पट्टा गुंडाळायला घेतला, तो त्यांना गुंडाळता येईना. शेवटी मी तो हातातून घेतला आणि तसाच पिशवीत कोंबला.

संध्याकाळपर्यंत तेरा घरं झाली. सात जणांचा आकडा उभं राहिल्यावर घसरत होता. पायपुसणी, कपाटाची दारं, उंबरे, सगळे बिचारे उगाच आरोपी झाले होते. शिंपीकाका म्हणाले, "एवढ्यातेवढ्यासाठी तुझं गणित कशाला बिघडवायचं?" ट्रकवाले मामा म्हणाले, "मला वाटलं, गोळी घेऊन कोण किती वेळ उभा राहतो तेच बघतायत." आम्ही दोघी हसलो नाही. ही सगळी गुणी माणसं होती, आणि वन्संनीच त्यांना तेहेतीस वर्षं खपून गुणी केलं होतं.

डॉक्टरांनी यादी वाचली, चष्मा काढला, पुन्हा घातला. त्यांचंही वय सत्तर. "ताई, आत माझ्यासमोर बसतात ही माणसं," ते म्हणाले. "मी कधी उभं करून बघितलं नाही." त्यांनी लगेच हॉस्पिटलला फोन लावला, आणि त्याच संध्याकाळी त्या सातही जणांच्या गोळ्या बंद झाल्या. सासऱ्यांच्या तर पडले त्या दिवशीपासूनच बंद होत्या. खरी गोळी कोणाच्या डबीत होती आणि खोटी कोणाच्या, ते अजून कोणालाच माहीत नाही. ते सगळं संपल्यावर कळेल म्हणतात.

डॉक्टरीणबाईंनी वन्संना एक गोष्ट सांगितली. वडिलांचा फॉर्म ज्याने लिहिला त्यानेच दुरुस्त करायचा. कागद बदलायचा नाही, पांढरी शाई लावायची नाही. चुकलेल्या ओळीवर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं लिहायचं, सही करायची, तारीख घालायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही वॉर्डात गेलो. सासरे उशांना टेकून बसले होते. वन्संनी पलंगाच्या पायथ्याशी असलेल्या टेबलावर फॉर्म ठेवला आणि पेन काढलं. खिळे जुळवणाऱ्या माणसाला उलटं वाचायची सवय असते. त्यांनी पलीकडूनच वाचलं.

"काय करतेस?"

"दुरुस्त करते, बाबा."

"खोडू नकोस. तुझ्या हातचं आहे ते. खोटं लिहिलं म्हणून कायमचं राहील. माझं म्हातारपण आहे, पडलो. मिटलं."

"मिटलं नाही, बाबा. सात जण निघाले."

त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "सूनबाई, तू सांग हिला. पुसली होतीस ना तू? सकाळी, लवकर?"

त्यांनी माझ्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं. चहासुद्धा मागायचे नाहीत, मी द्यायची. आता त्यांच्या डोळ्यांत इतकं आर्जव होतं, की हो म्हणावंसं वाटलं. एक फरशी तर होती, आणखी काही दिवस माझ्या अंगावर राहिली असती.

"नाही, बाबा," मी म्हटलं. "कोरडी होती."

त्यांनी डोळे मिटले. मग हळूच म्हणाले, लेकीला नाही, मला, जणू ती तिथे नव्हतीच. "तिला दुसरं आहे तरी काय गं? एवढं नावच तर होतं."

वन्सं तीन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. माझ्याच्याने त्यांच्याकडे बघवलं नाही, मी फॉर्मकडे बघितलं. रेघ मारून झाली होती. शेजारी त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, "चक्कर येऊन पडले. तीन आठवडे येत होती. फरशी कोरडी होती, हे लिहिताना मला माहीत होतं." खाली सही झाली होती. तारखेच्या जागी पेन टेकलेलं होतं, पण उमटत काही नव्हतं.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "आज तारीख काय?"

मी सांगितली. त्यांनी पुन्हा विचारली. मी पुन्हा सांगितली.